भाजलेल्या बेसनाच्या रंगाची धूळ

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी दुपारचं जेवून आडवा झालो होतो. शुक्रवार होता. "काका, पप्पा गेले," एवढंच ती म्हणाली. मग तिने फोन तसाच धरून ठेवला. मागे कुणीतरी भांडी सरकवत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मी तिला म्हणालो, "अगं, पण मी रविवारी येणार होतो ना..." बाप गेलेल्या पोरीला असं कुणी म्हणतं का? पण तेच तोंडातून निघालं, कारण डोक्यात तेच होतं. त्याच्या आधीचे तीन रविवारही मी असाच येणार होतो. डोंबिवलीहून विठ्ठलवाडीला जायला असा कितीसा वेळ लागतो?

विलास, म्हणजे प्रज्ञाचा बाप, माझा मित्र. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात विजेची पॅनेलं बनायची, म्हणजे आत स्विच आणि वायरी असलेली मोठाली लोखंडी कपाटं. तिथे तो अठ्ठावीस वर्षं स्प्रे पेंटर होता. मी मूळचा पाट्या रंगवणारा, कारखान्यात पॅनेलांवर अक्षरं लिहायला लागलो. त्याने रंगवलेलं पॅनेल वाळलं की माझ्याकडे यायचं आणि मी त्यावर कवटी, हाडं आणि 'धोका' लिहायचो. लिहायच्या आधी टर्पेंटाइनची चिंधी घेऊन पॅनेलवरून एकदा वरून खाली हात फिरवायचा ही माझी सवय. माझ्या उस्तादाने पहिल्या दिवशी शिकवलेलं, की आधी पुसायचं, मग लिहायचं. विलास लांबून ओरडायचा, "पुसतोस काय दत्त्या? माझ्या पॅनेलवर धूळ असते का?" मी म्हणायचो, "तुझ्यावर भरवसा आहे रे, हवेवर नाही." रोज तेच बोलणं. बावीस वर्षं आम्ही तोच विनोद केला आणि एकदाही कंटाळलो नाही. त्याच्या रंगावर खरोखरच कधी धूळ नसायची. एक कण दिसला तर अख्खं पॅनेल घासून पुन्हा मारायचा. नाकातोंडाला मात्र नुसता रुमाल बांधलेला असायचा. तेव्हा कुणी काही बोललं नाही, मीही नाही.

कारखाना बंद झाल्यावर विलासला रणगाड्यांचं वेड लागलं. ठाण्यात कुठल्याशा दुकानात त्याने प्लास्टिकचं एक किट पाहिलं. खोक्यात शेकडो सुटे तुकडे, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि मग रंगवायचे. अस्सल गाडीच्या बरोबर पस्तिसावा हिस्सा. आधी एक जीप केली, मग एक ट्रक. मी म्हणालो, साठीला आला नि खेळणी मांडून बसला. तो नुसता हसला. वर्षभराने कळलं की जीप आणि ट्रक हा हात बसवायचा सराव होता. त्याला एकच गाडी करायची होती. त्याचे वडील फौजेत रणगाड्याचे ड्रायव्हर होते. विलास आठ वर्षांचा असताना रजेवरून परत गेले आणि तिकडेच आजारपणात वारले. मागे राहिला एक काळा-पांढरा फोटो. त्यात ते रणगाड्याला टेकून उभे आहेत, टोपी जरा तिरकी, आणि त्यांच्या डोक्यामागे, तोफेच्या फिरत्या बुरुजावर उजव्या बाजूला पांढऱ्या रंगात एक नंबर. बापाचा चेहरा त्याला फोटोतलाच आठवायचा, खरा आठवायचा नाही. मला एकदा म्हणाला, "माणूस काही मला बनवता येणार नाही. गाडी येईल."

आणि गाडी अशी बनवली की काय सांगू. चाकांवरच्या साखळीचा प्रत्येक दुवा वेगळा, नखाएवढा. कडेच्या डब्यांच्या कड्या त्याने तांब्याच्या तारेतून वळवल्या. हिरवा रंग झाल्यावर मी म्हणालो, छान झाली, आता थांब. तर हा म्हणतो, आता तर सुरुवात. आता ती मळवायची. चिखल, गंज, तेलाचे ओघळ, धूळ... मला ते बघवेना. ज्या माणसाने जन्मभर एक कण खपवून घेतला नाही, तो दात कोरायच्या काडीने गंज लावत बसलेला. "कारखान्यात सगळं नवं लागायचं," तो म्हणाला. "ही गाडी बाबांनी चालवलेली आहे. नवी कशी असेल?"

पण धुळीचा रंग कुठला? फोटो काळा-पांढरा. यावर तो दोन महिने अडला. मग त्याला त्याच्या आईचं बोलणं आठवलं. बाबा रजेवर आले की त्यांच्या पेटीच्या सांध्यांतून बारीक धूळ निघायची, 'भाजलेल्या बेसनासारखी,' असं ती सांगायची. झालं. शालिनीवहिनींना म्हणाला, बेसन भाज. त्या बिचाऱ्यांना वाटलं, कधी नाही ते लाडू खावेसे वाटताहेत. त्यांनी भाजलं, तर हा मध्येच म्हणतो, थांब, आणि चमचाभर काढून कागदावर ठेवतो. पुन्हा भाज, पुन्हा थांब. असे सहा कागद. ते घेऊन तो खिडकीत बसला आणि रंगांची कोरडी पूड मिसळून मिसळून त्याने तो रंग जुळवला. वहिनी नंतर मला म्हणाल्या, "भाऊजी, लाडू शेवटी मीच केले, आणि मीच खाल्ले." तेव्हा त्या हसत होत्या. तोवर विलासचा खोकला सुरू झाला होता.

फुफ्फुसं गेली होती. डॉक्टरांनी स्प्रे बंद केला, मग रंगाचा वासही बंद केला. वहिनी चिडायच्या, "कारखान्यात रंग, घरातपण रंग, माणूस आहे की भिंत?" शेवटी घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. नळी नाकाला लावून तो टेबलाशी बसायचा. औषधांनी हात थरथरायला लागले. धूळ लावायला थरथरता हात चालतो, नंबर लिहायला नाही. मी गेलेलो त्या दिवशी त्याने फोटो माझ्यापुढे सरकवला. "हा नंबर तू लिही. बाकी सगळं माझं आणि अक्षर तुझं. पॅनेलसारखं."

मी हो म्हणालो. घरी आलो, कागदावर तेवढे आकडे लिहून पाहिले... आणि माझाही हात हलत होता. पाट्यांची कामं फ्लेक्सने केव्हाच खाल्ली, ब्रश धरून तीन-चार वर्षं झाली असतील. हात गेलेला आहे हे मला त्या दिवशी कळलं. आता हे त्याला सांगायला काय हरकत होती? पोट धरून हसला असता. दोघांनी मिळून कसातरी लिहिला असता. पण मला लाज वाटली. नळी लावलेल्या माणसापुढे मला माझ्या हाताची लाज वाटली. मग सुरू झालं, रविवारी येतो. पाव्हणे आलेत, पुढच्या रविवारी. पाय मुरगळलाय रे, पुढच्या. तो फोनवर म्हणायचा, "ये सावकाश. तोवर बाकीची धूळ उरकतो. तुझी जागा मोकळी ठेवलीय. धूळ अजून कच्चीय, नंबर झाला की मग सगळं एकदम वार्निशने पक्कं करू." प्रत्येक वाक्याला दोनदा दम घ्यायचा. मी ते ऐकत होतो आणि तरी गेलो नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी गेलो. वंदना झाली, भन्तेजी गेले, माणसं पांगली. वहिनींनी कपाटातून एक खोकं काढून माझ्या हातात दिलं, आत कापसात ठेवलेला रणगाडा. फोटोही दिला. "घरी घेऊन जा भाऊजी, निवांत लिहा. रोज विचारायचे, दत्ता कधी येतोय." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

महिनाभर रोज सकाळी तासभर मी आकडे गिरवले. हात बराच थांबला. मग एके दिवशी सकाळी, उजेड चांगला असताना, टेबलावर रणगाडा काढला, शेजारी फोटो उभा केला. बुरुजावर विलासने माझ्यासाठी नखाएवढी जागा स्वच्छ सोडली होती, अगदी सरळ कडांची. आजूबाजूला सगळीकडे ती बेसनाची धूळ. मी डोळे फोटोतल्या नंबरवर लावले, दोन आकड्यांमधलं अंतर मोजत होतो. आणि हाताने आपसूक टर्पेंटाइनची चिंधी उचलली. जागा स्वच्छच होती, पुसायचं काही कारणच नव्हतं. पण लिहायच्या आधी पुसायचं. बुरुजावरून खाली साखळीपर्यंत एकदा हात फिरला, मग पुन्हा. मान वळवली तेव्हा उजवी बाजू हिरवीगार चमकत होती. नवी कोरी. आणि धूळ चिंधीत.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेला तो, आणि खोड माझी.

ती चिंधी मी टाकलेली नाही. टाकून तरी काय होणार आहे. पुडीच्या डब्या विलासच्या घरी आहेत, पण कुठली किती मिसळायची हे त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही. बेसन भाजून बघावं असंही मनात आलं. पण कितपत भाजल्यावर 'थांब' म्हणायचं ते सांगणारा कोण? हे आता दुरुस्त होणार नाही. लोक म्हणतात काळ जाऊ द्या. काळ जाऊन माझा हात आणखी बिघडेल, एवढंच होईल.

वहिनींचा दर आठवड्याला फोन येतो. "झाला का हो नंबर?" मी म्हणतो, होतोय, रविवारी घेऊन येतो. विलासला द्यायचो तेच उत्तर. समोर बसून खरं सांगायची माझी छाती नाही, म्हणून हे लिहितोय. वहिनी पेपरची ही पुरवणी वाचत नाहीत, पण प्रज्ञा वाचते आणि ती त्यांना वाचून दाखवेल.

प्रज्ञा, आता आईला हे सांग. रणगाडा माझ्या टेबलावर आहे, मी त्याला परत हात लावलेला नाही. डावी बाजू आहे तशी आहे. परवा टेबलावर ऊन आलं तेव्हा नीट बघितलं, तर डावीकडच्या डब्यावर, कच्च्या धुळीत, एक ठसा दिसला. अंगठ्याचा. जरा फरफटलेला, म्हणजे हात थरथरत असणार. खोक्यात ठेवायला त्याने गाडी मागून एका हाताने उचलली असावी. मी माझा हात वरून, न टेकवता, तसाच धरून पाहिला. अंगठा डावीकडे आला की बाकीची चार बोटं उजवीकडे येतात. ती मी पुसली.