पुएर्तो म्हणजे घाट

सुधीरनं स्पेनला होकार दिला तो एका गैरसमजापोटी, आणि तो गैरसमज मी मुद्दाम दूर केला नाही. प्रवासाच्या आराखड्यात त्याला ‘सांता मारिया देल पुएर्तो’ हे नाव दिसलं. पुएर्तो म्हणजे पोर्ट, पोर्ट म्हणजे बंदर, बंदर म्हणजे मासे आणि वाळू, असा हिशोब करून हा गडी पोहायची चड्डी बॅगेत टाकून मोकळा झाला. दादरला वाढलेला माणूस, समुद्र म्हटलं की त्याला पुढचं काही ऐकू येत नाही. प्रत्यक्षात ते गाव उत्तर स्पेनमधल्या सोमिएदोच्या डोंगरात, ढगांच्या उंचीवर आहे. स्पॅनिशमध्ये पुएर्तो म्हणजे बंदरही आणि डोंगरातली खिंडही!

मला ती खिंड हवी होती. मी वाईची. आमच्या गच्चीवरून पसरणीचा घाट दिसायचा. रविवारी गल्लीतली पोरं सायकली घेऊन पाचगणीपर्यंत जायची आणि संध्याकाळी बढाया मारत उतरायची. मुलींची सायकल शाळेपुरती. पुढे लग्न झालं, मुंबई झाली आणि मग ह्यूस्टनजवळचं हे शुगर लँड, जिथे चढ म्हणून दाखवायला फ्रीवेवरचे पूल तेवढे आहेत. चोपन्नाव्या वर्षी मला एकच गोष्ट करून बघायची होती. एक अख्खा घाट, साध्या सायकलवर, वाटेत पाय न टेकवता.

इथल्या सपाटीवर सराव कसा करायचा, असं बरेच जण विचारतात. मी रविवारी सकाळी ऑफिसच्या बहुमजली पार्किंगचा रॅम्प चढायचे, वर जाऊन उतरायचे आणि पुन्हा चढायचे. तिसऱ्या रविवारी सिक्युरिटीवाल्यानं अडवून विचारलं, “मॅम, आर यू लॉस्ट?” मी म्हटलं, नाही, स्पेनला चाललेय. त्यानंतर तो मला बघून नुसताच हात हलवायचा.

आमची मुलगी रेवा बॉस्टनहून आली, आम्ही दोघं ह्यूस्टनहून, आणि भेटलो माद्रिदला. रेवा बॉस्टनजवळ श्रूजबरीत राहते, शेजारच्या वूस्टरमधल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, आणि स्पॅनिश बोलणाऱ्या पेशंटांमुळे तिचं स्पॅनिश तिच्या मराठीपेक्षा कितीतरी बरं आहे. माद्रिदहून ओविएदोपर्यंत ट्रेननं जा, अगदी आरामात पोचता. तिथे आम्ही गाडी आणि दोन सायकली भाड्यानं घेतल्या. सायकलीचं भाडं दिवसाला तीसेक युरो पडलं. दुकानदार माझ्याकडे बघून इलेक्ट्रिक सायकल पुढे करायला लागला, तेव्हा रेवानं स्पॅनिशमध्ये त्याला काहीतरी सुनावलं. काय म्हणालीस, विचारलं तर म्हणाली, “आय टोल्ड हिम यू आर स्टबर्न.” ओविएदोहून पोला दे सोमिएदोला, आमच्या मुक्कामाच्या गावाला, दीडेक तास लागतो. शेवटचा रस्ता दरीतून जातो आणि इतका अरुंद आहे की समोरून दुधाचा टँकर आला तर श्वास रोखून धरावा लागतो.

“समुद्र कुठल्या बाजूला?” सुधीरनं दरीत गाडी चालवतानाच विचारलं. मग मी सांगून टाकलं. त्यानं दोन वळणं घेतली. नंतर म्हणाला, “घाटी ती घाटीच!” हा शब्द तो लग्नापासून मला चिडवायला वापरतो. शेवटच्या दिवशी हिखोनच्या किनाऱ्यावर न्यायचं कबूल केलं तेव्हा स्वारी शांत झाली.

पोलाहून वरची खिंड साधारण बारा किलोमीटर. पहिल्या सकाळी आम्ही निघालो. रेवा पुढे, मी मागे, आणि सुधीर गाडी घेऊन वर गेलेला. सुरुवातीला नदी सोबत होती, चेस्टनटची झाडं होती, आणि मी हवेत होते. लेकीच्या मागे राहायचं नाही म्हणून पहिल्या अर्ध्या तासातच मी सगळा दम खर्च करून टाकला. कौनेदो गाव मागे पडलं, चढ अंगावर आला, वरून धुकं उतरलं. एका वळणावर मांड्यांनी सरळ नकार दिला आणि माझा पाय रस्त्याला टेकला. थोड्या वेळानं सुधीर गाडी घेऊन खाली शोधायला आला, खिडकी खाली केली आणि म्हणाला, “अगं बस आत. सायकल टाकू मागे. एवढं काय?”

एवढं काय! मी त्याच्याकडे न बघता सायकल ढकलत वरपर्यंत चालत गेले. खिंडीच्या पाटीपाशी रेवा फोटो काढायला उभी होती. “आई, यू मेड इट टू द टॉप!”

“चालत,” मी म्हटलं. फोटोला उभी राहिले नाही. फार वाईट वाटलं होतं आणि ते चेहऱ्यावर दिसत असणार.

संध्याकाळी आमच्या लॉजच्या मालकीणबाई, मारिसोल, बीन्स आणि सॉसेजची फाबादा घेऊन आल्या. एकाच प्लेटमध्ये तिघांचं पोट भरतं, तेव्हा ऑर्डर करताना बेतानं घ्या. इथली सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू, डोक्यावरून उंच धार सोडून ग्लासात ओततात आणि घोटभरच, ती लगेच प्यायची असते. मारिसोलनं रेवाला विचारलं, तुझी आई इतकी गप्प का? रेवानं सांगितलं आणि वर भर घातली की माझी आई मूळची पुएर्तोचीच आहे. मारिसोलला वाटलं, मी कोळीण! कुठलं बंदर, मासे कुठले, बोटी किती, अशी चौकशी सुरू झाली.

“नाही नाही, तिला सांग,” मी म्हटलं. “आमच्यातही असंच आहे. डोंगरातला रस्ता घाट, आणि नदीवर पाण्यात उतरायच्या पायऱ्या, त्याही घाटच.”

रेवानं भाषांतर करता करता मध्येच थांबून माझ्याकडे बघितलं. “वेट. म्हणजे बाबा तुला घाटी म्हणतात ते... माउंटन पास पर्सन?”

“हो.”

“दॅट्स नॉट अ‍ॅन इन्सल्ट, बाबा. दॅट्स लाइक, द कूलेस्ट थिंग.”

सुधीर सायडरमध्ये तोंड घालून बसला.

दुसरा दिवस पायी. सालिएन्सियाच्या दरीतून फारापोना खिंडीपर्यंत गाडी जाते, तिथून तळ्यांकडे वाट निघते. पहिलं तळं जुन्या लोखंडाच्या खाणीपाशी आहे. तिथली लाल माती बघून माझं मन थेट महाबळेश्वरला गेलं. वाट सोपी आहे, पण ऊन-वारा दोन्ही जोरदार, म्हणून टोपी आणि जाकीट दोन्ही हवं. वर दुकान नाही, त्यामुळे पाव-चीज पोलाहूनच घ्या. तळ्याकाठी बसून आम्ही ते खाल्लं, सुधीरनं बूट काढून पाण्यात पाय घातले आणि गारठून तसेच झटकन बाहेर काढले. मी मात्र सारखी पलीकडच्या डोंगरावरचे रस्ते बघत होते.

तिसऱ्या सकाळी बॅगा भरून हिखोनला निघायचं होतं. मी खाली आले तर सुधीरनं माझ्या सायकलच्या चाकात हवा भरून ठेवली होती.

“समुद्राचं काय?” मी विचारलं.

“ह्यूस्टनपासून तासाभरावर आहे समुद्र,” तो म्हणाला. “मी वर गावात थांबतो. आज खिडकी खाली करणार नाही.”

तीस वर्षांत या माणसानं समुद्र सोडलेला मी पाहिला नव्हता. मी घाईनं हेल्मेट चढवलं.

या वेळी रेवा मागे राहिली. “यू सेट द पेस, आई. आय वोन्ट पास यू.” मी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि रॅम्पवर जायचे तशी गेले, हळू, कुणाची लाज न बाळगता. एक म्हातारे गृहस्थ पायी मला जवळजवळ मागे टाकणार होते, त्यांना टाकू दिलं. परवाचं वळण आलं. पाय थरथरले, डोळ्यांत घाम गेला, मी मोठ्यांदा रामरक्षा म्हणायला लागले आणि ते वळण मागे पडलं.

सांता मारिया देल पुएर्तोच्या अलीकडे, चढ जरा सैलावतो तिथे, अख्खा रस्ता अडवून गाई उभ्या. तपकिरी, गुबगुबीत, गळ्यात घंटा. थांबावं तर पाय टेकणार! मी रस्त्याच्या रुंदीत इकडून तिकडे नागमोडी फिरायला लागले. बेल वाजवली, त्या बघतसुद्धा नव्हत्या. मग आतून जे आलं ते आलं. “हाऽऽट! ए बये, सरक की बाजूला! हाऽऽट!” वाईच्या बाजारात ऐकू गेलं असतं इतक्या जोरात. पहिलीनं मान वळवली, दुसरी हलली, आणि मधून सायकलीपुरती वाट झाली. कडेला काठी घेऊन उभी असलेली गुराखीण पोट धरून हसत होती. मागून रेवा ओरडली, “गो आई! गो, गो, चल ना!” इतक्या घाईत होती, तरी शेवटचे दोन शब्द मराठीत निघाले.

गाव गेलं. बारच्या दारात सुधीर दोन्ही हात वर करून उभा होता, मी थांबले नाही. पुढे पाटी आली. तिला हात लावला, मगच पाय टेकला. मग फोटो काढले, चांगले दहा-बारा, सगळ्या बाजूंनी. मला स्वतःचा भयंकर अभिमान वाटला, अजून वाटतो, आणि तो लपवायचा माझा काही विचार नाही.

घरी परतून आता तीन आठवडे झाले. पाय दुखायचे थांबले, सायडरची बाटली संपली. परवा आमच्याकडे मित्रमंडळींचं पॉटलक होतं. आमच्या घरातल्या प्रवासाच्या गोष्टी नेहमी सुधीर सांगतो, ‘आम्ही गेलो, आम्ही केलं’ असं करत, आणि मी पानं वाढत मधेमधे हसते. नागपूरचा प्रशांत त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “क्या बात है यार! इतका मोठा क्लाइंब केलास, आम्हाला सांग तरी!”

सुधीरनं माझ्या हातातलं भाजीचं भांडं काढून घेतलं.

“मला काय विचारतोस? मी गाडीत बसलो होतो,” तो म्हणाला. “चढली ती. तिला विचार.”

सगळे माझ्याकडे वळले. मी खुर्ची ओढून बसले आणि पहिल्या वळणापासून सांगायला घेतलं. वाढायचं काम त्यानं केलं.