चार बोटांची पेटी

लाऊडस्पीकरच्या दुकानात दोन गोष्टी कधी टाकून दिल्या जात नाहीत. एक तारेचे तुकडे आणि दुसरे किस्से. कधीतरी उपयोगी पडतील म्हणून दोन्ही खोक्यात पडून राहतात. आमच्या दुकानातल्या किश्श्यांचं खोकं माझ्याकडे आहे. आज उघडलंच आहे, तर बसा जरा.

चौक गावाला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला आमचं दुकान होतं. सत्तर-ऐंशीच्या सालांत कर्जत-खालापूरकडच्या लग्नांत आणि जयंत्यांत जो आवाज घुमायचा, त्यातला निम्मा तरी आमचा. काशिनाथदादा मशीन दुरुस्त करायचा आणि स्पीकरच्या लाकडी पेट्या स्वतःच्या हाताने बनवायचा. मी त्याची धाकटी बहीण सुमन, मॅट्रिक पास. तांब्याची तार मोजून गुंडाळायची, कॉइल करायची, हे काम माझं. बाकीचे लोक आयत्या पेट्या आणायचे, आमची पेटी घरची. हे मी अजूनही छाती फुगवून सांगते.

पण आमच्या आबांना, म्हणजे वडलांना, त्याचं काही नव्हतं. आबांनी तरुणपणी गावची दवंडी दिली होती. धर्मांतरानंतर त्यांनी ते काम सोडलं ते सोडलंच. त्यानंतर हाक द्यायची ती फक्त दहिवलीच्या आमच्या वाडीला, आपल्या सभेसाठी. हाक झाली की ते विचारायचे, "पोचला काऽऽ?" शेवटच्या घरातून "पोचलाऽऽ" असं उत्तर आल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत. असा माणूस लाऊडस्पीकरला काय भीक घालणार? दादा नवी पेटी दाखवायला घेऊन गेला की म्हणायचे, "मानसाच्या छातीत नसंल तर पेटीत कुठनं येनार रं?"

दादाला अख्ख्या तालुक्याने वाखाणलं. त्याला हवा होता तो आबांचा एक शब्द. तो काही मिळत नव्हता.

*

दादाची पेटी तपासायची रीत सांगते. पेटी आडवी ठेवायची, वर मूठभर तांदूळ पसरायचा आणि आत मोठा आवाज सोडायचा. तांदूळ नाचला तर लाकूड थरथरतंय, म्हणजे आवाज पेटीच खातेय. नापास! तांदूळ गप्प बसला तर पास.

एकदा कडावचा एक शेतकरी भजनी मंडळासाठी पेटी घ्यायला आला. येताना धोतराच्या सोग्यात तांदूळ बांधून आणलेला.

दादा म्हणाला, "आमच्याकडं हाय की तांदूळ."

"तुमच्या दुकानातला तांदूळ, तो तुमच्याच बाजूनं बोलनार. ह्यो माज्या शेतातला हाय."

त्याच्या तांदळावर पेटी तपासली. एक दाणा हलला नाही. त्याने मान डोलावली, एकेक दाणा वेचून पुन्हा सोग्यात बांधला आणि म्हणाला, "उद्या ह्याचाच भात लावतो. तपासलेला हाय."

*

मी तार गुंडाळत असले की माझ्याशी कुणी बोलायचं नाही, असा दुकानाचा कायदा होता. एक वेढा चुकला तर सगळी कॉइल उसवावी लागायची.

एके दिवशी कर्जतच्या एक बाई आल्या. म्हणाल्या, बारशाला माईक पाहिजे. दादा आत होता. त्या माझ्यासमोर बसल्या.

"नाव काय गं तुजं?"

"एकशे अठ्ठेचाळीस."

"शिकलीस किती?"

"एकशे एकोणपन्नास."

बाई बघत राहिल्या. दादा बाहेर आला तेव्हा उठल्या आणि म्हणाल्या, "माईक ऱ्हाऊ द्या. मी माज्या लेकासाठी पोरगी बघाय आले व्हते. ठरलं आपलं. ही मदीच सोडून उठनारी नाय."

लग्नानंतर पुष्कळ वर्षं सासूबाई खुशीत असल्या की मला एकशे अठ्ठेचाळीस म्हणूनच हाक मारायच्या. मीही ओ द्यायचे.

*

मग, माझ्या लग्नाला अजून अवकाश होता तेव्हाच, आले वकीलसाहेब. मुंबईत वकिली केलेली, उतारवयात दहिवलीला आमच्या वाडीपलीकडे बंगला बांधला. रंगीत टीव्ही आणला, व्हिडिओ आणला आणि एक खोली खास सिनेमा बघायला ठेवली. दादाला म्हणाले, "घरात थिएटरसारखा आवाज हवा. पण आमच्या मंडळींची अट आहे."

वकिलीणबाईंनी अट सांगितली, "खोक्यांची अडगळ नको. भिंतीवर चपटं टांगा, कॅलेंडरसारखं. चार बोटांपेक्षा पुढं येता कामा नये."

दादाने विचारलं, "बाई, बोटं तुमची का माजी?"

बाईंची बोटं म्हणजे शेवग्याच्या कोवळ्या शेंगा. दादाने पुठ्ठ्यावर त्यांचा पंजा ठेवून पेन्सिलीने आखून घेतला. तो पुठ्ठा दोन महिने दुकानात खिळ्याला टांगलेला होता. येणारंजाणारं विचारायचं, कुणाचा हात? दादा म्हणायचा, "गिऱ्हाईकाचा. जरा जरी बाहेर गेलो, तर ह्योच गालावर बसंल."

*

चपटी पेटी सोपी नसते. पहिल्या पेटीवर तांदूळ टाकला तर तो लेझीम खेळायला लागला. दादाने ती मोडली. दुसरीला आतून आडव्या पट्ट्या मारल्या, तरी नाचलाच. तीही मोडली. तिसरीला त्याने जुन्या सागवानी पाटाच्या फळ्या घेतल्या, आईच्या फाटक्या गादीतला कापूस आत भरला. बारीक आवाज छोट्या स्पीकरला आणि जाड आवाज मोठ्याला वाटून देणारी कॉइल मी गुंडाळली. तांदूळ गप्प! दादा त्या दाण्यांकडे किती वेळ बघत उभा होता. तशी जोडीची दुसरीही झाली.

पुठ्ठ्यावरच्या चार बोटांना लावून पाहिली. नखभर आतच होती.

*

पेट्या लावायला गेलो तर वकीलसाहेबांच्या पुतण्याने परदेशातून आणलेली चपटी जोडीही तिथे हजर. साहेब म्हणाले, "काशिनाथ, राग मानू नका. दोन्ही लावू, पुढं चादर धरू. न बघता ज्या आवडतील त्या ठेवू."

दादाने हट्टाने आबांनाही आणलं होतं. साहेबांनी त्यांना सोफ्यावर बसायला सांगितलं. आबा दारातच उभे राहिले. साहेबांच्या टेपवर गाणं लागलं, आधी एका जोडीवर, मग दुसरीवर. अर्ध्यातच आबा मला म्हणाले, "सुमे, मी जरा पाय मोकळे करून येतो." आणि चालते झाले. दादाने ते पाहिलं.

साहेबांना पहिली जोडी गोड वाटली. बाई म्हणाल्या, "गोड आहे, पण शब्द दुसरीत कळतात." चादर काढली. दुसरी आमची!

साहेब हसले. "बाईसाहेबांचा निकाल लागला, आता अपील नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा मात्र रिकाम्या दाराकडे बघत होता. एवढं जिंकून त्याचं तोंड एवढंसं झालेलं. मला राहवलं नाही. आदल्या आठवड्यात आबांनी वाडीला हाक दिली, तेव्हा मी पडवीत टेपरेकॉर्डर लपवून ती टेप केली होती. ती कॅसेट माझ्या पिशवीत होती. दादाला न विचारता मी ती मशीनमध्ये घातली, खोलीच्या खिडक्या सताड उघडल्या आणि आवाज वाढवला.

आमच्या चार बोटांच्या पेट्यांतून आबा बोलले. "ऐकाऽऽ, समाजमंदिरात सभा हाय होऽऽ, बायामानसं समद्यांनी यावं, पोरांना घेऊन यावंऽऽ..." बाई सोफ्यावर ताठ बसल्या. साहेबांनी चष्मा काढला. दादा भिंतीला हात लावून उभा होता.

शेवटी टेपमधल्या आबांनी विचारलं, "पोचला काऽऽ?"

कॅसेट संपली. आणि बंगल्यामागच्या खाचरांपलीकडून, वाडीच्या शेवटच्या घराच्या बाजूने, कुठल्याही मशीनशिवाय आबांचा आवाज आला:

"पोचला रं काशाऽऽ!"