आधी झाडाला, मग पोराला

वाढदिवसाला आधी झाडाला ओवाळायचं, मग पोराला, असा आमच्या आईचा नियम होता. कोकणात तिच्या माहेरी मूल झालं की परसात त्याच्या नावाचा माड लावत आणि दोघांना एकाच ताम्हनातून ओवाळत. लग्न होऊन ती डोंबिवलीत मानपाड्याला आली. तिथे परस कुठलं? सोसायटीच्या कुंपणालगत दोन हात माती होती, तीच तिने धरली. दादा झाला तेव्हा बाबांनी गावाहून बकुळीचं रोप आणलं. माझ्या वेळी गावाला जायला कुणाला सवड नव्हती, म्हणून पालिकेने फुकट वाटलेला गुलमोहर लावला. आई खोडाला कुंकू लावायची तेव्हा शेजारपाजारचे खिडक्यांतून हसायचे.

मी शाळेत जायच्या आत माझा गुलमोहर पहिल्या मजल्याला लागला. दादाची बकुळ त्याच्या कमरेपाशीच घुटमळत होती, आणि दादाही उंचीला बेताचा. आईच्या डोक्यात दोन्ही एकच झालं. बकुळीला शेणखत आणि दादाला खारीक-बदाम, दोन्ही तिने वर्षानुवर्षं चालू ठेवलं. मला काही नाही. "हिला काय धाड भरलीय, बघा कशी वाढतेय," एवढ्यावरच मी मोठी झाले.

पुढे मी कॉलेजात शिकवायला लागले आणि त्याबरोबर झाडं मोजायच्याच कामाला. आंबिवलीच्याही पलीकडे, डोंगरउतारावरच्या रानात आमचे आखून घेतलेले तुकडे आहेत. तिथल्या प्रत्येक झाडाला पत्र्याचा नंबर आणि छातीच्या उंचीवर रंगाचा पट्टा. काही वर्षांनी परत जायचं, टेप गुंडाळायची, घेर किती वाढला ते बघायचं, आणि जे गेलं त्याच्यापुढे 'मेलं' लिहायचं. लाकडाचा छोटा तुकडा काढून, वाळवून तो किती जड आहे तेही बघतो. पांगारा, सावर ही हलक्या लाकडाची मंडळी. भराभर वाढतात आणि भराभर जातात. अंजनीचं लाकूड जड. तिचा घेर मोजून मोजून कंटाळा येतो, पण परत जावं तर ती आपली तिथेच उभी.

एका रविवारी जेवताना मी हे आईला सांगितलं. तिची काळजी मिटावी, एवढाच हेतू. "बकुळ जड लाकडाची आहे, आई. अशी झाडं सावकाश वाढतात आणि खूप टिकतात."

तिचा घास हातातच राहिला. "आणि गुलमोहर?"

"तो ठिसूळ," मी म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

त्या दिवसापासून काळजीने कूस बदलली. खारीक-बदामाचा डबा माझ्या ठाण्याच्या घरी येऊ लागला. गुलमोहराची फांदी मोडली की फोन यायचा, "रक्त तपासून घे गं." आधी मला हसू यायचं, मग वैताग. "आई, हे हजारो झाडांचं मिळून ठरवलेलं असतं. एकट्या झाडाचं त्यातून काही सांगता येत नाही." ती "बरं" म्हणायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासायचं काढायची.

दादाने लग्न केलं नव्हतं, तो आईजवळच राहायचा. त्याचं पोट दुखायला लागलं तेव्हा आईने त्याला ओवा दिला. महिन्यांमागून महिने ओवाच दिला. माझ्यासाठी जीव टाकणारी ही बाई त्याला मात्र "पित्त असेल" म्हणायची. तोही तिचाच मुलगा. "अगं, मी जड लाकडाचा. तू तुझं बघ," म्हणून मला उडवून लावायचा. शेवटी भांडून, अक्षरशः ओढत, मी त्याला ठाण्याला हॉस्पिटलात नेलं. फार उशीर झाला होता. दिवाळी कशीबशी झाली आणि तो गेला.

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर आई म्हणाली, "तू तर म्हणाली होतीस, टिकतात."

खरं सांगते, मला रडू आलं नाही, संताप आला. आमच्या त्या रानातही धडधाकट अंजनी मधूनच मरते. तिच्यापुढे 'मेलं' लिहून मी पाण्याचा घोट घेते आणि पुढच्या झाडाकडे वळते. तेवढ्याने आमची सरासरी खोटी पडत नाही. ती आजही खरी आहे, आणि दादा नाही. हे आईला कुठल्या तोंडाने सांगायचं? मी भांडी घासायला उठले.

यंदा उन्हाळ्यात त्याचा वाढदिवस आला तेव्हा मी रजा टाकून गेले. वाटलं होतं, आई आता खाली उतरायची नाही. पण ती निरांजन लावून, ताम्हन घेऊन जिन्यातच भेटली. बकुळ चांगली पोसली आहे. पानं तुकतुकीत, खाली फुलांचा सडा. आईने खोडाला कुंकू लावलं, ओवाळलं आणि सवयीने मागे वळली. मागे मी होते. तिला समोर कुणीतरी हवं असेल म्हणून मी पुढे होऊन मान वाकवली.

"तू नाही," ती म्हणाली.

निरांजन विझेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग गुलमोहराकडे गेली. त्याच्या बुंध्याला अळंबी फुटली आहेत, खोडावर थाप मारली की आत पोकळ वाजतं. आईने ते चाचपून पाहिलं आणि माझा दंड घट्ट धरला. "याला टेकू लावून घे. आजच्या आज."

आतून पोकळ झालेल्या झाडाला टेकू देऊन काही होत नाही, हे मी पोरांना वर्गात शिकवते. वॉचमनकडून बांबूवाल्याचा नंबर घेतला. संध्याकाळपर्यंत तीन बाजूंनी तीन बांबू बसले. आई खुर्ची टाकून बघत होती.

"अजून एक लाव," ती म्हणाली.