तिसरी हाक

काशीच्या गोष्टींतली भुतं रत्नागिरी शहरात राहायची. रान तुटलं, घरं वाढली, मग ती जाणार कुठे? एक बर्फाच्या कारखान्यात थंड हवा खात बसायचं, एक एसटी स्टँडवर माणसांना चुकीच्या गाडीत चढवायचं. आणि ती सगळी फक्त एका सोळा वर्षांच्या पोरीला दिसायची. त्या पोरीचं नाव काशीने कधी सांगितलं नाही. पण ती कोळंबी सोलायला जायची आणि तिची बोटं आमच्यासारखीच सोलवटलेली असायची, म्हणजे कोण ते कळतच होतं.

मिरकरवाडा बंदरावरच्या शेडमध्ये आम्ही सात-आठ जणी कोळंबी सोलायचो. शहाऐंशी साल. काशी गोष्ट सांगायची आणि मी, मैमुना, भुतांचे आवाज काढायचे. मला कुणाचाही आवाज हुबेहूब जमायचा. मुकादमाचा काढला की पोरी घाबरून माना खाली घालायच्या. गोष्टीत मोठ्या माणसांना काही म्हणजे काही कळायचं नाही, सगळं शहर त्या पोरीनेच वाचवायचं. दिवसभर ओरडा खाणाऱ्या आम्हाला आणखी काय हवं?

गोष्टीतला नियम मात्र काशीचा नव्हता, घरोघरचा होता. तिन्हीसांजेला किंवा भर बाराला हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. भूत दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक माणसाची.

त्या दिवशी शेडला सुट्टी होती. काशीच्या पडवीत गोष्ट ऐन रंगात आली होती. स्टँडवरचं भूत त्या पोरीच्या आईचा आवाज काढायला शिकलं होतं. तेवढ्यात घरामागून हाक आली, "काशेऽ!"

आवाज सोनूमावशीचा, काशीच्या आईचा. ती मागे विहिरीवर गेली होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड बंद होतं.

"काशे..." दुसरी हाक बारीक आली.

काशी उठली. मी तिला खाली ओढलं आणि तिच्या तोंडावर हात दाबला. "ओ देव नुको! बारा वाजलेत."

तिसरी हाक आलीच नाही. आम्ही जिंकल्यासारख्या हसलो. काशीही हसली, आणि गोष्ट पुरी करून अर्ध्या तासाने मागे गेली.

सोनूमावशी विहिरीच्या चिऱ्यांवर पडली होती. तोंड वाकडं, उजवं अंग लुळं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. ती जगली, पण वाचा गेली.

काशीने गोष्टी सोडल्या, शेड सोडली. रोज दुपारी आईसमोर बसून म्हणायची, "आये, येकदा हाक मार गो. आता लगीच ओ देतंय." मावशीच्या डोळ्यांतून नुसतं पाणी. रस्त्यात कुणी दुसऱ्याच काशीला हाक मारली तरी ही ओ देत धावायची. लोक तिला वेडी म्हणायला लागले. माझ्या हाताबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

वर्षभराने एका दुपारी मला ते सहन होईना. त्यांच्या विहिरीपाशी जाऊन उभी राहिले. तिसरी हाक एकदा पोचली की काशी सुटेल, असं मला खरंच वाटलं. मी सोनूमावशीच्या आवाजात ओरडले, "काशेऽ!"

"ओऽ!"

आईला भरवताना उठलेली, हाताला भात तसाच. धावत आली आणि मला बघून थांबली. आता ही मला मारणार, आणि मारावं असंच मला वाटत होतं.

ती चिऱ्यावर बसली, आई पडली होती तिथेच. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मैमुने, आनखी येकदा हाक मार."