धोंडाबाईच्या दारची पंगत

धोंडाबाई म्हणजे ताठ कण्याची बाई. मुळशीच्या धरणात बुडालेल्या जुन्या गावाला ती आजही शहर म्हणते. हल्ली जिथं राहते तिथल्या लोकांना ऐकवते, "तुमचं भूगाव काल झालं. आमच्या शहरात बाजार भरायचा, बाजार!" आता ते गाव बुडालं तेव्हा ही जन्मलीसुद्धा नव्हती, पण तिच्या तोंडावर तसं म्हणायची कुणाची टाप?

वैशाखात धरणाचं पाणी ओसरलं, की गाळातून देवळाचा चौथरा वर येतो आणि पाठोपाठ घरांची जोती. मग पौर्णिमेला पांगलेली घरं तिथं जमतात. देवाला नैवेद्य दाखवायचा आणि ज्यानं त्यानं आपापल्या जोत्यावर बसून जेवायचं, ही रीत. एरवी तिथं चिटपाखरू नसतं. त्या एका दिवशी मात्र गाव पुन्हा नांदतं.

घोडं अडायचं ते धोंडाबाईचं. तिच्या सासरचं घर सगळ्यांत खाली, नदीच्या अंगाला. दाराला दोन घडीव पायऱ्या होत्या, असं आजेसासू सांगायची, पण पाणी तिथवर कधी हटायचंच नाही. जन्मभर बाई दुसऱ्याच्या जोत्यावर पाहुणी म्हणून जेवली. वर भावकीतला विश्राम चिडवायचा, "वहिनी, घर हाय का नुसतं सांगायलाच?" बाई हसायची, पण पान अर्ध्यावर सोडून उठायची.

यंदा पाणी लई खाली गेलं. बाईला धीर कुठला! पौर्णिमेच्या आधीच तिनं सगळ्यांना आवतण धाडलं, की यंदा पंगत माझ्या दारात. मुलगा कैलास आणि सून शुभांगी यांनी गुळभाताची, आमटीची पातेली टेम्पोत घातली आणि मंडळी खाली उतरली.

बघतात तर काय! शेजारचं जोतं उघडं, आणि धोंडाबाईच्या घराच्या जागी पाणीच. कैलास हळूच म्हणाला, "आई, विश्रामकाकाच्या जोत्यावर वाढूया. लोक खोळंबल्यात."

"माझी पंगत अन् त्याच्या दारात? न्हाई जमायचं!"

बाईनं लुगडं वर खोचलं आणि सरळ पाण्यात शिरली. "आत्याबाई, गाळ हाय!" शुभांगी ओरडली. ऐकतंय कोण? पाणी गुडघ्याला लागलं. बाई पायानं चाचपडत पुढं सरकली आणि थबकली. बोटांना घडीव दगड लागला होता. ती एक पायरी चढली, मग दुसरी. पाणी घोट्यावर आलं. सत्तरीची बाई आयुष्यात पहिल्यांदा आपल्या दारात उभी राहिली.

मग ती काठाकडं वळून गरजली, "या की! बघताय काय? आमच्या घरात पाय धुऊनच आत घेत्यात!"

काठावर हशा पिकला. पण पाण्यात उतरायला कुणी धजेना. शेवटी विश्राम पुढं झाला. विजार गुडघ्यावर दुमडली, पत्रावळ हातात धरली आणि पाणी तुडवत आला. पायरी पायाला लागली तसा तो वाकला, पाण्यात हात घालून दगडाला शिवला आणि तो हात कपाळाला लावला.

"वहिनी, घर हाय," तो म्हणाला. "वाढा."

त्याच्यामागं सगळं गाव पाण्यात उतरलं. कैलासनं पातेलं खांद्यावर धरलं. उंबऱ्यावर उभी राहून धोंडाबाई वाढत होती, डोळे पुसायलाही तिला सवड नव्हती. विश्राम पुरे म्हणाला, तर त्याच्या पत्रावळीवर तिनं आणखी एक वाटी गुळभात लोटला.

"गुमान खावा, भावजी. माझ्या घरातनं कुणी अर्धपोटी जात न्हाई."