पार्लमेंट सरांची दोन दारं

पार्लमेंट सर वर्गात कधी हात वर करून मत घेत नसत. प्रश्न टाकायचे आणि म्हणायचे, उठा. ज्याचं उत्तर हो, त्यानं फळ्याजवळच्या पुढच्या दारानं बाहेर जायचं; ज्याचं नाही, त्यानं सायकल स्टँडकडच्या मागच्या दारानं. सर मध्ये उभे राहून दोन्हीकडची डोकी मोजायचे आणि आकडे फळ्यावर लिहायचे. ब्रिटनच्या पार्लमेंटात खासदार असेच दोन वेगळ्या दालनांतून चालत जाऊन मत देतात, हे ते दरवर्षी सांगायचे. "हात शेजारच्याचा बघून वर होतो. पायाला जरा इचार करावा लागतो."

परळीच्या कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवायचे. खिशातल्या रुमालानं खुर्चीवरची थर्मल वीजकेंद्राची राख झटकायची, मग बसायचं. आयुष्यात हैदराबादच्या पुढे गेले नाहीत, पण ब्रिटनची निवडणूक म्हणजे त्यांच्या घरचं कार्य. निकालाच्या दिवशी गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा आणि काकूंना शिरा करायला सांगायचा. कोणीही जिंकलं तरी शिरा व्हायचाच. तो नक्की कुणाच्या आनंदाचा, हे काकूंना शेवटपर्यंत कळलं नाही.

एकदा त्यांनी वर्गप्रतिनिधीची निवडणूक तिकडच्या, आणि तिथूनच आपण घेतलेल्या, पद्धतीनं घेतली: सगळ्यांत जास्त मतं ज्याला, तो निवडून. पाच जण उभे राहिले, मतं फुटली आणि चाळीसच्या वर्गात बारा मतं मिळवून मी निवडून आलो. मी कॉलर ताठ करून पुढे गेलो, तर सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून वर्गाला सांगितलं की अठ्ठावीस जणांना हा नको आहे आणि हाच तुमचा प्रतिनिधी आहे. सगळे हसले. ब्रिटनमध्ये एकेका मतदारसंघात असंच होत जातं आणि त्यातूनच पक्षाचं दणदणीत बहुमत तयार होतं, हे मला त्या दिवशी जे कळलं ते पुस्तकातून कधी कळलं नसतं.

पण आज लिहायला बसलो ते दुसऱ्या एका दिवसासाठी. सरांनी विचारलं होतं, ज्यांची संख्या जास्त त्यांचंच नेहमी ऐकायचं का? आम्ही सगळे पुढच्या दारानं बाहेर पडलो. खरं सांगायचं तर कँटीन त्याच बाजूला होतं. मागच्या दारानं एकटी शीला गेली. ती माझ्याच गावची, बौद्धवाड्यातली, माझ्याबरोबर एसटीनं यायची. सरांनी फळ्यावर लिहिलं, हो एकोणचाळीस, नाही एक. मग नेहमीप्रमाणे कमी आकड्याला आधी बोलायला सांगितलं. शीला म्हणाली, "सर, आमची घरं वीस आणि गाव तीनशे घरांचं. मोजून पाणी सोडायचं ठरलं तर आमच्याकडं कधीच यायचं न्हाई." सरांनी फळ्यावरच्या त्या एकाखाली खडूनं रेघ ओढली.

त्याला वीस वर्षं झाली. सर निवृत्त होऊन आमच्याच गावात, सिरसाळ्याच्या अलीकडे, घर बांधून राहिले. मी खतांचं दुकान टाकलं आणि ग्रामपंचायतीत निवडून आलो. शीला सरपंच झाली. तिनं पहिल्याच उन्हाळ्यात पाण्याची पाळी उलटी केली. वाल्व्ह आधी शेवटच्या गल्लीचा उघडायचा, मग वर यायचं. बौद्धवाड्यात नळाला पाणी आलं आणि वरच्या आळीत एक तास कमी झाला. त्या एका तासापायी तिच्यावर अविश्वासाचा ठराव आला. पुढाकार बापूसाहेबांचा. गावातली निम्मी जमीन त्यांची, आणि माझ्या दुकानाचं मोठं गिऱ्हाईक तेच.

त्याच आठवड्यात ब्रिटनचा निकाल लागला. सकाळी सरांकडे गेलो तर सदरा इस्त्रीचा होता, शिरा होता, पण सर दमलेले दिसले. टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत होते. मतं थोडी आणि जागा भरमसाट, असं म्हणाले. एवढं मोठं बहुमत लई वाईट, मागच्या बाकावरच्या प्रत्येक खासदाराला वाटतं माझ्या एकट्याच्या मतानं काय होतंय. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ठरावाला किती लागतात?"

मी म्हणालो, नवापैकी सात.

"आन् पक्के किती?"

"सहा."

"म्हंजी सातवा तू."

मी म्हणालो, "सर, मी न्हाई गेलो तर दुसरं कुणीतरी जाईल."

"दुसरं कोण जाईल, दत्ता? नऊच हायत. सहा तिकडं, दोन शीलाकडं."

मी शिरा संपवला आणि उठलो. दुसऱ्या दिवशी दारात जीप आली. अशा वेळी सदस्यांना 'सहली'ला न्यायची आमच्याकडे रीतच आहे, कुणी फुटू नये म्हणून. कपिलधारला दर्शन झालं, देवासमोर शब्द दिला-घेतला गेला, पुढचे चार दिवस लॉजवर पत्ते आणि मटण. मी पत्तेही खेळलो. ठरावाच्या दिवशी त्याच जीपनं थेट ग्रामपंचायतीसमोर उतरवलं. समोरच्या ओट्यावर सर काठी टेकून बसले होते.

आत तहसीलदारांनी ठराव वाचला आणि हात वर करायला सांगितलं. शेजारच्याचा हात वर गेला, मग माझा. पायाला विचारायची वेळच आली नाही. सात झाले. शीलाताई उठल्या, पदर सारखा केला आणि पुढच्या दारानं जाऊन सरांशेजारी बसल्या. मला त्यांच्यासमोरून जाववेना. मी मागच्या दारानं, पाण्याच्या टाकीकडून, घरी गेलो.

सहा महिने सरांकडे फिरकलो नाही. मग त्यांनी अंथरूण धरलं तेव्हा गेलो. लाज वाटत होती आणि ती आता लपतही नव्हती. सर भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसंच पडून म्हणाले, "त्या दिवशी कोणत्या दारानं बाहेर पडलास?"

"मागच्या."

त्यांनी डोळे मिटले. "पाय बरोबर गेले तुझे. पर मोजणी आधीच झालती."

आठवड्याभरात सर गेले. मी आता बेचाळीस वर्षांचा आहे आणि निवडणुकांचा मला वीट आला आहे, इथल्याही आणि तिथल्याही. तरी गेल्या महिन्याच्या बैठकीत मी पाण्याची पाळी शीलाताईंनी केली होती तशी पुन्हा उलटी करण्याचा विषय मांडला. बापूसाहेबांची माणसं हसली; ठरावाच्या वेळी शीलाताईंबरोबर राहिलेला एक सदस्यही आता त्यांच्यातच होता. दुसऱ्या दिवसापासून दुकानाचं गिऱ्हाईक तुटणार, हे मला दिसत होतं. मी हात वर केला नाही, नुसता उठून उभा राहिलो. थोड्या वेळानं खोलीच्या दुसऱ्या टोकाला शीलाताईही, आता नुसत्या सदस्य, उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ग्रामसेवकानं खाली मान घालून वहीत लिहिलं, बाजूनं दोन, विरोधात सात.

कमी आकड्याला आधी बोलू द्यायची रीत आमच्या ग्रामपंचायतीत नाही. पुढचा विषय सुरू झाला.