काच वाजवणारे दाजी

सई, अर्णव, दाजी गायला बसले की आपल्या लोणंदच्या घरातल्या पुस्तकांच्या कपाटाची काच थरथरायची. लहानपणी तुम्ही तिला गाल लावून बसायचात, आठवतं? दाजी गेल्या महिन्यात गेले, आणि त्यांच्या आवाजाचा असा काही घोळ झाला आहे की आता तुम्हालाच विचारावं लागेल.

दाजी आपले शेजारी, मूळचे म्हसवडकडच्या मेंढपाळांच्या घरातले. तिकडे ओवी म्हणायची तर आवाज टिपेला लागतो. त्यांचे भाऊ वर चढायचे, दाजी खाली उतरायचे. "भाऊ म्हनायचं, गड्या, तू मेंढरं राख, ओवी आमी म्हनतो," असं सांगून दाजी हसायचे. हसायचेसुद्धा खर्जातच.

मला सगळं जागच्या जागी लागतं. एकदा पेटी काढली आणि म्हटलं, तुमचा सर्वांत खालचा सूर कोणता ते पाहूच. एकेक पट्टी दाबत मी डावीकडे सरकत गेले. शेवटची पट्टी आली. दाजी तिच्याही खाली उतरले, आणि काच वाजली.

"आवं बाई, तुमची पेटी संपली. माजी वाट अजून हाय."

तो सूर कोणता, मला आजही सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात त्यांच्या पत्नी हिराबाई फोन घेऊन आल्या. त्यात दाजींचं एकच गाणं आहे, याच खोलीत, कपाटासमोर घेतलेलं. मी लावलं, तर पडसं झालेला कुणी माणूस पातळ आवाजात गात होता.

"ह्यो कोन, बाई? ह्यो त्यांचा आवाज न्हाई."

मलाही ओळखू येईना. गाणं तर तेच. मग गाणं खाली उतरलं तसा तो पातळ आवाजही नाहीसा झाला आणि नुसती बारीक थरथर उरली. हिराबाईंनी उठून काचेवर हात ठेवला. काच गप्प होती. थरथर फोनातून येत होती.

"काच वाजतीय," त्या म्हणाल्या. "म्हंजी त्ये गात्यात की! लय खाली गेल्यात. लावा परत."

आता त्या रोज येतात आणि तेवढाच तुकडा लावायला सांगतात.

फोनने खालचा आवाज घेतलाच नाही, की घेतला आणि आता त्याच्या एवढ्याशा स्पीकरमधून सोडत नाही, मला काही उमगत नाही. तुमच्याकडे मोठे स्पीकर आहेत, म्हणून गाणं पाठवते आहे. दाजी ऐकू आले तर हिराबाईंना आधी फोन करा, मला नंतर. तोवर माझ्या खात्रीचं एवढंच: काचेची थरथर शिल्लक आहे.